प्रतिवादी अशोक कुमार

दिल्ली उच्च न्यायालयात गेली कित्येक वर्षं एका माणसावर दाव्यांमागून दावे चालू आहेत. नाव अशोक कुमार. वय माहीत नाही, पत्ता माहीत नाही, वडिलांचं नाव माहीत नाही. सिनेमा फुटला, लावा दावा अशोक कुमारवर. पुस्तकाची नक्कल निघाली, पुन्हा अशोक कुमार. चोर कोण हे ठाऊक नसताना निर्मात्याला कोर्टात जायचं असतं आणि प्रतिवादीच्या रकान्यात कुणाचं तरी नाव लिहावंच लागतं, म्हणून केलेली ही सोय. इंग्लंड-अमेरिकेत याच इसमाला जॉन डो म्हणतात. वर्गात सरांनी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, त्यो आमच्याच हॉस्टेलला ऱ्हातोय." वर्ग हसला, सरही हसले. आणि तास संपल्यावर सरांनीच हळूच विचारलं, त्या नव्या टीकाग्रंथाची पीडीएफ कुणाकडं आहे का.

मी कोल्हापुरात कायदा शिकतो. या शिक्षणाचा एक तोटा असा, की आजूबाजूला जे काही चाललेलं असतं त्याचे कलम नंबर आपोआप दिसायला लागतात. मित्र पेन ड्राइव्ह पुढं करतो, मला कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ दिसतं. काकू स्टेटस ठेवतात, मला पोलीस ठाणं दिसतं. असं बघता बघता माझं एक मत तयार झालंय. नकलेचा आणि बोलण्याचा कायदा आपल्याकडे दोन प्रतींत असतो. मूळ प्रत दुसऱ्यासाठी. आपल्यासाठी झेरॉक्स, आणि तिच्यात शिक्षेचं पान आलेलं नसतं.

झेरॉक्सचा विषय निघालाच आहे, तर कॉलेजजवळच्या काकांच्या दुकानात जाऊ. दोन मशीन, एक लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंगचा हातदांडा आणि भिंतभर फायली. प्रत्येक फाइलवर मार्करनं लिहिलेलं: 'एलएलबी सेम ४', 'बीकॉम ३ जुना', 'एमपीएससी संपूर्ण'. या मास्टर कॉप्या. काकांना लेखकांची नावं माहीत नसतात, मुखपृष्ठांचे रंग माहीत असतात.

"काका, कॉपीराइटचं पुस्तक हाय काय?"

"निळं का पिवळं?"

"निळं."

"निळं लई जाड हाय. पोरं पिवळ्यावरच पास हुत्यात."

मी निळं घेतो. कागद अजून गरम असतो. दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत बजावलेलं असतं, की या पुस्तकाचा कोणताही भाग प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय छायाप्रत करून वापरता येणार नाही. मशीननं नेमकं तेच पान सगळ्यात स्वच्छ काढलेलं असतं. "काका, हे पान नसतं काढलं तरी चाललं असतं." "ऱ्हाऊ दे की. त्याचं काय येगळं पैसं घेतलो न्हाई."

याच काकांनी मास्टर कॉपीच्या प्रत्येक पानावर आपल्या दुकानाचा तिरका शिक्का मारलाय. कारण काय, तर चौकातल्या दुसऱ्या झेरॉक्सवाल्यानं यांच्या फायली नेऊन त्यांच्या कॉप्या काढल्या. "लोकास्नी लाज म्हणून ऱ्हायली न्हाई," काका म्हणतात. आणि ते अगदी मनापासून म्हणतात.

काकांच्या धंद्यावर दिल्लीत मोठा खटला होऊन गेलाय, हे मी त्यांना एकदा सांगितलं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस अशा तीन बलाढ्य प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. अभ्यासक्रमासाठी वेगवेगळ्या पुस्तकांतली पानं एकत्र करून विद्यार्थ्यांना देणं हे शिकवण्याच्या ओघातच येतं, कलम ५२ त्याला मुभा देतं आणि कॉपीराइट हा काही दैवी हक्क नव्हे, असा त्या निकालाचा आशय. त्याच डिसेंबरात खंडपीठानंही हे तत्त्व उचलून धरलं आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला. हे सगळं ऐकून काका म्हणाले, "म्हंजे आता पानाला दीड रुपाया करायला हरकत न्हाई." निकाल निवडक पानांच्या संचाबद्दल होता, अख्खं निळं पुस्तक छापून विकण्याबद्दल नव्हता, हेही मी सांगितलं. पण तेवढ्यात मशीन सुरू झालं होतं.

आता जरा चौकात या. कोल्हापूरच्या चौकात हवेपेक्षा फ्लेक्स जास्त. वाढदिवसाचा फ्लेक्स, निवडीचा फ्लेक्स, निवड व्हायच्या आधीचा 'भावी'चा फ्लेक्स. त्यावर भाऊंच्या मागे डरकाळी फोडणारा सिंह असतो. जवळ जाऊन बघितलं, तर सिंहाच्या आयाळीतून परदेशी फोटो-कंपनीचं नाव आडवं गेलेलं दिसतं. म्हणजे सिंह फुकटचा आहे, आणि ज्या सॉफ्टवेअरवर तो भाऊंच्या मागे उभा केला तेही बहुधा फुकटचंच आहे. इथं कायद्याची एक गंमत आहे. सिनेमाची चोरटी प्रत नुसती बघणाऱ्याला कॉपीराइट कायदा गुन्हेगार म्हणत नाही. पण चोरटी संगणकप्रणाली जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३ब मध्ये किमान सात दिवसांची कैद सांगितलीय. धंद्यासाठी वापरलेली नसेल तर कोर्ट कैद माफ करून दंडावर सोडू शकतं, एवढाच दिलासा. हे वाचून मी हॉस्टेलवर जाहीर केलं, की आपल्या मजल्यावरचे सगळे लॅपटॉप आरोपी आहेत. पार्टनर म्हणाला, "मग त्येंचं वकीलपत्र तूच घे. फी म्हणून चहा पाजतो."

चोरी म्हटलं की लोक विद्यार्थ्याकडं बोट दाखवतात. पण पीडीएफचा घाऊक व्यवहार निवृत्त मंडळींच्या हातात आहे. लॉकडाउनमध्ये तर मराठी पुस्तकांच्या पीडीएफांना ऊत आला होता आणि प्रकाशक तक्रारी करून थकले होते. आमच्या मामांच्या 'सुप्रभात' ग्रुपवर आजही 'वाचनसंस्कृती जगवण्यासाठी साडेतीनशे पुस्तके, डाउनलोड करा व पुढे पाठवा' असा मजकूर हात जोडलेल्या चित्रासकट येतो. परवा त्यात 'ययाती' आली. वि. स. खांडेकर म्हणजे आमच्या कोल्हापूरचे. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारे. शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. मी मामांना फोन केला. म्हटलं, लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क शाबूत असतात. खांडेकर १९७६ मध्ये गेले. म्हणजे ३१ डिसेंबर २०३६ पर्यंत 'ययाती' अशी वाटता येत नाही.

"अरे, लोकांनी वाचलं तर भाऊसाहेबांना आनंदच हुईल की."

"तुम्ही वाचलं काय, मामा?"

"न्हाई. पुढं पाठीवलंय."

याच ग्रुपवर उलटी चोरीही चालते. दुसऱ्याचा माल आपल्या नावावर खपवणं ही जुनी पद्धत झाली. इथं आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवतात. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले. व्हॉट्सॲप आलं २००९ मध्ये. तरी पु. लं.चं तिथलं लेखन रोज पहाटे साडेपाचला प्रसिद्ध होतं, आणि त्यात सकाळी कोमट पाणी पिण्याचे फायदेही असतात. या फसवणुकीबद्दल कुणी पोलिसात गेल्याचं ऐकिवात नाही. पुलंचे चाहते तेवढं हसून सोडून देतात. गुरूंकडून काही तरी शिकलेत म्हणायचं.

सिनेमाच्या बाबतीत मात्र कोल्हापूरकरानं जबाबदारीनं बोलायला पाहिजे, कारण हे सिनेमाचं माहेर. बाबूराव पेंटरांनी विलायती कॅमेऱ्याचं तंत्र समजून घेऊन इथं स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि त्यावर चित्रपट काढले. आजच्या काळात ते जमलं असतं का, याची मला शंका आहे. कॅमेरा फिरायच्या आधी पेटंटची नोटीस आली असती. खरी कॉर्नरला त्याची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. १९२९ मध्ये 'प्रभात'ची स्थापनाही इथंच झाली. अशा गावात नवा मराठी सिनेमा लागला, की शुक्रवारी संध्याकाळी तो थिएटरात आणि शनिवारी सकाळी हॉस्टेलच्या टेलिग्रामवर असतो. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला आणि थोड्याच दिवसांत लोकांच्या मोबाइलमध्येही शिरला. 'मराठी सिनेमा जगला पाहिजे' असं स्टेटस त्याच मोबाइलवर होतं.

यावर सरकारनं २०२३ मध्ये चलच्चित्र कायदा कडक केला. थिएटरात चोरून चित्रीकरण केलं किंवा तशी प्रत पसरवली, तर तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. दंड तीन लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. हे कलम शिकवलं त्या दिवशी वर्गात गणित सुरू झालं. समजा मराठी सिनेमा चार कोटींत झाला, तर दंड फार तर वीस लाख. समजा हिंदी सिनेमाला पाचशे कोटी लागले, तर पंचवीस कोटी. मराठी माणसानं चोरायचाच तर मराठी सिनेमा चोरावा, परवडतो, असा निष्कर्ष मागच्या बाकानं काढला. मराठी चित्रपटाला प्रोत्साहन देण्याची कायदेमंडळाची ही पद्धत सरांनी परीक्षेत लिहायला मनाई केलीय.

बघण्याचा गुन्हा आणि दाखवण्याचा गुन्हा यांतला गोंधळ एकदा सबंध देशानं अनुभवलाय. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बंद केलेल्या साइटवर गेलं, की पडद्यावर धमकी यायची: हे बघणं, उतरवणं, दाखवणं गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. माझा चुलतभाऊ तेव्हा इंजिनिअरिंगला होता. तो सांगतो, की त्या रात्री हॉस्टेलवरच्या निम्म्या पोरांनी हार्ड डिस्क घरच्या ट्रंकेत ठेवायला गावाकडं पाठवल्या, आणि एकानं तर नुसता ट्रेलर बघितल्याबद्दल अटकपूर्व जामिनाची चौकशी केली. त्या पाटीचं मूळ मुंबई उच्च न्यायालयातल्या 'ढिशूम' सिनेमाच्या प्रकरणात होतं. न्यायमूर्ती गौतम पटेल यांचं म्हणणं साधं होतं: साइट बंद करताय, तर का बंद केली आणि तक्रार कुठं करायची, हे लोकांना नीट सांगा. इंटरनेट कंपन्यांनी त्याची धमकी करून टाकली. मग महिनाअखेरीस न्यायमूर्तींनीच स्पष्ट केलं, की गुन्हा नुसत्या बघण्यात नाही. विनापरवाना वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्या-भाड्यानं देण्यात आहे. चुलतभावाच्या हार्ड डिस्क परत आल्या. पण सहा वर्षांनी, २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगत नाही. त्याचं लग्न ठरतंय.

इथवर वाचून कोल्हापूरकरांना चोरीचं काहीच वाटत नाही असा कुणी समज करून घेईल. तर तसं नाही. जून २०२५ मध्ये इटलीत मिलानच्या फॅशन शोमध्ये 'प्राडा' कंपनीच्या मॉडेलांच्या पायात आपली चप्पल दिसली. कोल्हापुरी नाव नाही, कारागिराचा उल्लेख नाही, आणि किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या. त्या आठवड्यात कोल्हापुरात बौद्धिक संपदेचं जे शिक्षण झालं, ते आमच्या कॉलेजला पाच वर्षांत जमलेलं नाही. चहाच्या गाड्यावर लोक भौगोलिक मानांकनावर बोलत होते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला ते मानांकन मिळालंय, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून आहे, हे मला एका रिक्षावाल्या मामांनी सांगितलं. झेरॉक्सवाले काका तर पेटले होते. "दुसऱ्याची डिझाइन चोरत्यात आणि वर नावबी घालत न्हाईत!" हे ते बोलत असताना मशीनमधून निळ्या पुस्तकाची पानं बाहेर पडत होती, शिक्क्यासकट. कंपनीनं पुढं प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं मान्य केलं, उच्च न्यायालयातली जनहित याचिका जुलैत फेटाळली गेली, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला. कोल्हापुरीचं नाव लागलं, हे चांगलंच झालं. मुद्दा एवढाच, की आपली वस्तू गेली की आपल्याला कायदा बरोबर कळतो.

बोलण्याचंही अगदी तसंच आहे. आमच्याकडं तोंड बंद ठेवणं हा अपमान समजतात. तालमीत, कट्ट्यावर, मिसळीच्या रांगेत प्रत्येकाला मत असतं आणि ते शेजारच्या पेठेत ऐकू जाईल अशा आवाजात असतं. समोरासमोर दिलेली शिवी इथं जवळिकीचं लक्षण धरली जाते. पण तेच वाक्य स्टेटसला आलं, की भावना दुखावतात. स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसलं जातं. गुन्हा पुसला जात नाही.

याचा दाखला आमच्याच जिल्ह्यातला आहे. हातकणंगले पोलीस ठाण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये एका प्राध्यापकांवर गुन्हा नोंदला गेला. पालक आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असलेल्या या गृहस्थांनी दोन गोष्टी स्टेटसला ठेवल्या होत्या: पाच ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, आणि चौदा ऑगस्टच्या पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला. प्रकरण दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेलं. ७ मार्च २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी तो गुन्हा रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क नागरिकाला आहे, दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं हा गुन्हा नव्हे, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे पोलिसांना शिकवायची वेळ आलीय, असं त्यांनी सुनावलं. चोवीस तासांचं स्टेटस. निकालाला दीड वर्षाहून जास्त. मत पटो न पटो, हिशेब तरी पटायला हवा.

त्या निकालात एक जुनी कसोटी पुन्हा आली आहे. ती नागपूरच्या उच्च न्यायालयातली, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांची, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसावरून. प्रत्येक वाक्यात धोका बघणाऱ्या डळमळीत मनाच्या माणसावरून नव्हे. ही कसोटी मी घरच्या फॅमिली ग्रुपला लावून पाहिली. समंजस आणि खंबीर माणूस शोधता शोधता आजी सापडली. तिच्याकडं मोबाइल नाही.

आमच्या वर्गातल्या मुलींना एक उदाहरण फार आवडतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका मुलीनं त्यावर फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. लाइक करण्याबद्दल अटक, ही गोष्ट परीक्षेत लिहिली तर तपासणारे मार्क कापतील, इतकी खोटी वाटते. त्यावरून दिल्लीच्या श्रेया सिंघल या विशीतल्या मुलीनं याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा ती कायद्याची विद्यार्थिनी होती. हे ऐकून आमच्या आईनं विचारलं, "मग तू काय करालाईस?" मी म्हटलं, असाइनमेंट. बाकी ६६अ मेलं तरी कागदावरून हललं नाही. मेल्यावरही रेशनकार्डावर नाव राहिलेल्या आजोबांसारखं ते पोलीस ठाण्यांतून वावरत राहिलं; त्याखाली अजून गुन्हे नोंदले जातात हे ऐकून जुलै २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालय चकित झालं.

बोलण्यावर चालणाऱ्या कात्रीचा अनुभव कोल्हापूरला नवा नाही. बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'तला (१९२०) कीचकवध इतका खरा उतरला होता, की सेन्सॉरनं तो कापला, असं सांगतात. 'प्रभात'नं १९३० मध्ये शिवाजी महाराजांवर चित्रपट काढला, 'स्वराज्याचं तोरण'. 'स्वराज्य' हा शब्द इंग्रज सरकारला झेपला नाही. चित्रपट 'उदयकाल' नावानं बाहेर पडला. साहेबानं शब्द कापायला लावला, लोकांना अर्थ कळला तो कळलाच.

आता नकलेचा कायदा आणि बोलण्याचा कायदा एकमेकांना कुठं भेटतात ते सांगतो. 'बंद करा' या बटणावर भेटतात. २०१२ मध्ये 'कोलावेरी डी' गाणं असलेला '३' हा तमिळ चित्रपट आला. तो चोरीला जाऊ नये म्हणून मद्रास उच्च न्यायालयातून आदेश मिळवला गेला, आणि त्याच्या जोरावर व्हिमिओसारख्या अख्ख्या साइट बंद पडल्या. कुणाच्या लग्नाचा व्हिडिओ, कुणाचा लघुपट, सगळं एका सिनेमापायी आत. पुढं कोर्टालाच सांगावं लागलं, की विशिष्ट पानं बंद करा, अख्खी साइट नव्हे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पायरसीविरोधी विधेयकांच्या निषेधार्थ इंग्रजी विकिपीडिया १८ जानेवारीला स्वतःहून दिवसभर बंद राहिला. नक्कल आणि बोलणं यांची अशीच गाठ २०१६ मध्ये 'उडता पंजाब'नं घातली. सेन्सॉरनं डझनभर कात्र्या सुचवल्या, मुंबई उच्च न्यायालयानं एकीवर भागवून चित्रपट सोडवला, आणि प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी तो इंटरनेटवर फुटला. फुटलेल्या प्रतीवर कोपऱ्यात लिहिलं होतं, 'सेन्सॉरसाठी'.

हे बटण आमच्यापर्यंतही पोचलंय. गेल्या वर्षी मित्राच्या भावाच्या वरातीचा व्हिडिओ मी एका ॲपवर टाकला. रस्त्यावर डॉल्बीनं खिडक्या हादरत होत्या, आणि ॲपवर माणसं मुक्यानं नाचत होती. गाण्याचे हक्क दुसऱ्याचे, म्हणून आवाज बंद. कायदा काढून बघितला, तर कलम ५२ मध्ये चक्क वरात आहे. धार्मिक विधीत गाणं वाजवणं उल्लंघन नव्हे, आणि विधीमध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ धरावेत, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे भारताच्या संसदेनं नवऱ्या मुलाला नाचायची मुभा दिलीय. ॲपला तेवढं कळवायचं राहिलंय. ॲपच्या यंत्राला कलम ५२ वाचता येत नाही, आणि ज्याला येतं त्याच्याकडं अपील करायला वेळ नाही, कारण त्याची परीक्षा आहे.

आणि सगळ्यात मोठं बटण आम्ही जून २०२३ मध्ये पाहिलं. काही स्टेटसवरून शहर पेटलं, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. कुणाचं नुकसान झालं ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण बटणाचा गुण सांगायला हवा. त्या काळात कोल्हापुरात पायरसी शून्यावर आली, ऑनलाइन अर्ज शून्यावर आले, चहाच्या गाड्यावर लोक खिशात सुटे पैसे चाचपू लागले. अफवांना मात्र नेटवर्क लागलं नाही. त्या चालत गेल्या. जानेवारी २०२० मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते बेमुदत असता कामा नयेत. इंटरनेट बंद असताना आदेश प्रसिद्ध कुठं करायचा, हा प्रश्न मी सरांना विचारला. त्यांनी मला बाहेर काढलं नाही, पण पुढचा विषय घेतला.

मग विद्यार्थ्याचं म्हणणं काय? लेखक, कारागीर, नट यांचं पोट त्यांच्या हक्कावर चालतं, आणि ते मारून आम्हाला शिकायचं नाही. पण शिकायला पुस्तक हातात यावं लागतं. केंद्र सरकारनं जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू केलं. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, तेरा हजारांच्या आसपास संशोधनपत्रिका, पण फक्त सरकारी संस्थांना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं संशोधनलेख फुकट देणारी साय-हब ही साइट बंद करायला सांगितलं. म्हणजे खाजगी विनाअनुदानित कॉलेजच्या पोराला मागचं दार बंद झालं आणि पुढचं उघडलेलं नाही. ते उघडा. बंद करायचंच असेल, तर पान बंद करा, अख्खी साइट नको, अख्खा जिल्हा तर नकोच. आणि का बंद केलं ते धमकी न देता लिहा.

उरलेलं आपल्या हातात आहे. प्राडाला जो न्याय लावला तोच खांडेकरांना लावा, आणि आपल्या स्टेटसला जी मुभा मागतो तीच शेजाऱ्याच्याही स्टेटसला द्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तकं देतंय. तिथं सभासद व्हायला अशोक कुमार नावानं अर्ज करावा लागत नाही, स्वतःच्या नावानं चालतो. बाकी मामांसकट सगळ्यांना एकच विनंती. पुढं पाठवण्याआधी एकदा वाचा, आणि पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी दोनदा.